होडी, मोपेड आणि पंक्चरची डबी

फोनवरचा माणूस फार सभ्यपणे नाही म्हणाला. डोंबिवली पूर्वेला स्टेशनाजवळच्या एका एसटीडी बूथमध्ये मी उभी होते. बूथचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून ते एका हातानं ओढून धरलेलं. दक्षिणेकडच्या एका समुद्रकाठच्या शहरात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होणार होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, तिन्ही एकाच दिवसात, एकापाठोपाठ एक. ही बातमी आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्यानं सगळ्यांना हसवायला मोठ्यानं वाचून दाखवलेली. सगळे हसले. मी पेपर मागून घेतला आणि नंबर उतरवला.

बायकांसाठी निम्मं अंतर ठेवलंय, असं तो माणूस इंग्रजीत सांगत होता. पूर्ण का नाही, असं मी विचारलं. तुमच्याच काळजीपोटी, तो म्हणाला. शिवाय प्रत्येक स्पर्धकानं आपापली माणसं आणायची असतात. पोहताना सोबत होडी लागते, सायकलमागे गाडी लागते, खाणंपिणं बघणारं कोणी लागतं. तुमच्याकडे आहेत का?

माझ्याकडे कोणी नव्हतं. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, मग मी इथेच करते. कुठे, असं त्यानं विचारलं. मी फोन ठेवून दिला.

तेव्हा मला चौतिसावं लागलेलं. माझं माहेर मोहन्याचं. वडील तिथल्या कारखान्यात कामाला होते आणि आम्हा भावंडांना पाठीला रिकामा डबा बांधून त्यांनीच उल्हास नदीत पोहायला शिकवलं. भावांचा डबा सुटायच्या आधी माझा सुटला. मग तेराव्या वर्षी आईनं एक दिवस सांगितलं, आता पुरे. भाऊ पोहत राहिले. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे.

लग्न होऊन डोंबिवलीत आले. घर शिकलेलं, नोकरदार. सासूबाई निवृत्त शिक्षिका, नवरा ठाण्याला एका कंपनीत, धाकटी नणंद एमआयडीसीत हिशेब तपासायच्या कामाला. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोघांच्याही तपासण्या झालेल्या आणि दोष कोणातच निघाला नव्हता. दोष निघाला असता तर बरं झालं असतं, कारण दोष नाही म्हणजे आशा आहे आणि आशा आहे म्हणजे उपाय संपत नाहीत. कोणी डॉक्टर सुचवायचं, कोणी काढा, कोणी देवस्थान. माझ्या तापमानाचा तक्ता स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लटकायचा. घरी आलेला कोणीही पाहुणा तो वाचू शकत होता. माझं शरीर ही सगळ्यांनी मिळून सोडवायची गोष्ट झालेली.

पुढे लोक म्हणाले, दुःख विसरायला ती पळायला लागली. दुःख विसरायला बाई देवळात जाते, विणकाम करते. घोडबंदर रोडवर सायकल चालवायला कोणी जात नाही. मला ते शरीर परत हवं होतं, एवढंच.

सुरुवातीला मदतीचं नावही काढायचं नाही, असं मी ठरवलं. पहाटे उठून मानपाडा रोडनं पळायचे. एका गियरवाल्या सायकलसाठी बँकेत कर्ज काढलं. तरण तलावात बायकांची वेळ दुपारची होती, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईला तो बंदच. ते नंतर बघू म्हटलं. इमारतीचे सेक्रेटरी वर आले आणि सासूबाईंना म्हणाले की सूनबाई हाफ पँटीत जिना उतरतात, लहान मुलं बघतात. त्यांनाही ते पटलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, मुलांना बघू द्या, उद्या त्यांनाही पळावंसं वाटेल.

एका रविवारी कोणाला न सांगता मी घोडबंदर रोडला गेले. आता तिथे टॉवरमागून टॉवर आहेत. तेव्हा एका अंगाला येऊरचं रान, दुसऱ्या अंगाला झाडीआड खाडी, आणि मधल्या अरुंद रस्त्यावर गुजरातकडे जाणारे ट्रक. गायमुखच्या पुढे मागचं चाक बसलं. मला पंक्चर काढता येत नव्हतं. पाणी संपलेलं. सायकल ढकलत परत निघाले, तर एक ट्रक माझ्या चालीनं बाजूनं चालू लागला. क्लीनर दारातून वाकून काहीबाही बोलत होता. मी रस्त्याच्या कडेचा दगड उचलून हातात धरला आणि तशीच चालत राहिले. बऱ्याच वेळानं ट्रक निघून गेला. पुढे एक पोलीस भेटला. त्यानं मला एकच विचारलं, घरचे कुठे आहेत?

त्या दगडाचा खरबरीतपणा तळहाताला दोन दिवस जाणवत होता. मला कोणी नको, हे म्हणायला सोपं होतं. पण रस्ता एकट्या बाईसाठी बनवलेला नव्हता, आणि म्हणून मी घरी बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मग मी त्यांच्या नाकावर टिच्चून माणसं गोळा करायचं ठरवलं.

पहिली आली ती नणंद. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला बघायला दर रविवारी कोणी ना कोणी येत असे. तिची स्वतःची मोपेड होती. मी तिला गॅलरीत गाठलं आणि सांगितलं, माझ्यामागे पाणी आणि केळी घेऊन यायचं, दर रविवारी, सकाळभर.

"दर रविवारी ना? मग येते वहिनी," ती म्हणाली. "मंडळी आली की आई सांगेल, मुलगी घरात नाही."

नवऱ्याचं सोपं नव्हतं. तो वाईट माणूस नाही, पण त्याला चारचौघांत उठून दिसायची धास्ती. कंपनीत लोक काय म्हणतील, हे त्यानं मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. एका संध्याकाळी मी गॅलरीत सायकल उलटी करून ट्यूबशी झटत होते. हाताला सोल्युशन चिकटलेलं, ठिगळ निघून येत होतं. तो शेजारी येऊन बसला.

"एकच सांग," तो म्हणाला. "हे तू माझ्यावर रागावून करतेयस का?"

"थोडं," मी म्हटलं.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझ्यासाठी."

त्यानं माझ्या हातातून ट्यूब घेतली. त्यालाही ते येत नव्हतं. त्या रात्री जेवणं उशिरा झाली. पण पुढच्या महिन्याभरात तो पंक्चर काढायला शिकला. पॉलिश पेपर, सोल्युशनची डबी आणि ठिगळं एका जुन्या कंपासपेटीत घालून तो ती ऑफिसच्या बॅगेत बाळगू लागला. चारचौघांची धास्ती गेली नव्हती. रविवारी तो बहिणीच्या मागे मोपेडवर बसून यायचा, तेव्हा ओळखीचं कोणी दिसलं की मान खाली घालायचा. पण यायचा.

राहिली होडी. पाणी म्हणजे माझ्यापुढे खाडीच होती. डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदर संपतं तिथे मी एका सकाळी गुडघाभर चिखलातून आत शिरले आणि पोहू लागले. पाण्याला रसायनाचा वास, वर जलपर्णीचे तुकडे, खाली काय ते दिसत नव्हतं. इतक्या वर्षांनी हात चालतील का, ही भीती चारपाच हात मारल्यावर गेली. तेवढ्यात एका लहान होडीतून एक कोळीण माझ्यावर ओरडू लागली. साठीच्या आतबाहेरची, नऊवारी घट्ट खोचलेली, हातात वल्हं. मी जीव द्यायला आलेय असं तिला वाटलेलं. पोहायला आलेय म्हटल्यावर ती आणखी चिडली. ओहोटी लागलीय हे मला दिसत नाही का, असं म्हणत तिनं मला जवळजवळ केसांना धरून होडीत घेतलं.

पुढचे चार रविवार सायकलवरून परतल्यावर मी तिच्याकडे गेले. पहिल्या तीन वेळा तिनं हाकललं. तिचा नवरा जाळी विणत बसलेला असायचा. तो हसायचा. चौथ्या वेळी तिनं विचारलं, घरात पोरंबाळं किती? मी सांगितलं, एकही नाही. आता ही पण देवस्थान सांगणार म्हणून मी तयारीत उभी राहिले.

"माजे चार पोर हायेत," ती म्हणाली, "एक पन इचारीत नाय मना." आणि मग अट घातली. "मी होरी हानीन. पन मी बोलली का वर ये, तं वर यायाचं. तोंड चालवाचं नाय."

मी कबूल केलं. तोंड चालवण्याबद्दल आमचं पुढे कायम वाजत राहिलं. ती माझ्या हात मारण्यावर टीका करायची, मी तिच्या तंबाखूवर. दोनदा तिनं मला येऊ नको म्हणून सांगितलं आणि दोनदा मी गेले. पण पाण्याच्या दिवसांचा निर्णय तिचा असायचा. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, त्याला ती भांग म्हणायची. जे काय करायचं ते भांगाच्या दिवसांत, हे तिनं ठरवून टाकलं.

म्हणून जानेवारीतली अष्टमी धरली. रविवारही जुळून आला. मार्ग माझाच. कल्याणच्या किल्ल्याखालून ओहोटीबरोबर पोहत रेतीबंदरापर्यंत, तिथून सायकलनं शीळ फाटा, मुंब्रा, ठाणे, घोडबंदरची खिंड आणि परत डोंबिवली. मग पळत कल्याण, मोहने, आणि पळतच घरी. त्या सभ्य माणसाच्या पूर्ण अंतराला तोडीस तोड.

आणि त्याच आठवड्यात माझी पाळी चुकली.

आमच्या घरात अशी गोष्ट लपत नसे. सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सायकलच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसल्या.

"अगं, या वेळी तरी थांब," त्या म्हणाल्या. "मी तुला आजवर अडवलं नाही. मला पसंत नव्हतं, तरी अडवलं नाही. आता अडवते आहे."

मी चिडून बोलले. म्हटलं, याआधी अशी सात-आठदा तरी चुकलेय, दर वेळी तुम्ही सगळ्यांनी मला अंथरुणावर निजवून ठेवलंत, काय झालं त्यातून? त्या म्हणाल्या, काही झालं नाही, पण या वेळी झालं तर? नवरा दारात उभा होता. तू सांगशील ते, असं तो म्हणाला. मला त्याचाही राग आला, कारण काय सांगावं ते मलाच कळत नव्हतं.

शेवटी मी थांबले. कोणाच्या धाकानं नाही. 'या वेळी झालं तर?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून. खाडीवर जाऊन सांगितलं, तर कोळीण म्हणाली, थांब की, भांग काय कुठे पळून जातो, पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. कारण काय, ते तिनं विचारलंच नाही.

ते दिवस फार वाईट गेले. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मला दूध मिळत होतं, जड काही उचलू देत नव्हते. सायकलवर सासूबाईंनी जुनी चादर टाकलेली. मी त्या चादरीकडे बघत बसायचे, आणि माझ्या मनात काय येत होतं ते तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. मला मूल नको होतं असं नाही. मला ही वाट बघणं नको होतं.

नंतर बँकेत, कॅश मोजताना, पोटात ओळखीची कळ आली. मी बाथरूममध्ये गेले. दर वेळी मी तिथे नळ सोडून रडायचे. या वेळी नळाकडे हात गेला आणि रडू आलं नाही. हलकं वाटलं. असं वाटणं पाप आहे का, याचा मी थोडा विचार केला, आणि नाही असं ठरवून काउंटरवर परत आले. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि गॅस बारीक करायला आत गेल्या. मी सायकलवरची चादर काढून, घडी घालून त्यांच्या कपाटात ठेवली.

पुढच्या अष्टमीला रविवार नव्हता. तिघांनी रजा टाकल्या.

सकाळी किल्ल्याखाली पाण्याला धूर येत होता, इतकी थंडी. नवऱ्याचा टी-शर्ट आणि मी स्वतः शिवलेली पँट घालून मी उतरले. कोळीण डाव्या हाताला होडी ठेवून चाललेली. ओहोटीची ओढ बेताची होती, हात छान चालत होते, आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मागून रेतीची भरलेली मोठी होडी आली. मला पाण्यात आवाज कळला नाही.

"वर ये," कोळीण म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच मला गांभीर्य कळलं. मी होडीची कड धरली. ती मोठी होडी इतक्या जवळून गेली की तिच्या लाटेनं आमची होडी आडवी हलली आणि तोंडात गेलेलं पाणी दिवसभर घशाला लागत राहिलं. होडीला हात लावला म्हणजे स्पर्धक बाद, असा त्या सभ्य माणसाच्या स्पर्धेत नियम असेलही. इथले नियम माझे होते. लाट गेल्यावर मी हात सोडला आणि पुढे निघाले.

रेतीबंदरला नणंद टॉवेल धरून उभी. मुंब्र्यापर्यंत मी गात गेले. ठाण्यानंतर समोरून वारा लागला आणि गाणं बंद झालं. खिंडीच्या अलीकडे पंक्चर झालंच. मागून मोपेड आली. नवरा उतरला, कंपासपेटी उघडून रस्त्याकडेला मांडी घालून बसला. आजूबाजूला ट्रकवाले जमले, एकानं विचारलं, साहेब, मॅडम कुठे चालल्यात? माझ्या नवऱ्यानं मान वर केली. "घोडबंदरला जाऊन परत," तो म्हणाला. "मग मोहन्याला पळत." आणि पुन्हा ठिगळावर वाकला. त्या दिवशी त्यानं मान खाली घातली ती फक्त ट्यूबसाठी.

पळण्याबद्दल अभिमानानं सांगण्यासारखं थोडं आहे. ऊन चढलेलं. कल्याणला पत्री पुलाच्या चढावर पोटऱ्या आखडल्या आणि मी चालू लागले. रिक्षा स्टँडवरची पोरं "आंटी, पोलीस मागे लागलेत काय" म्हणून ओरडली. मोहन्यात ओळखीच्या बायका दारात आल्या, त्यांना वाटलं माहेरी काही वाईट घडलंय म्हणून मी धावत येतेय. थांबून समजावणं शक्य नव्हतं. नणंदेनं मोपेड थांबवून दारोदार सांगितलं. परतताना, कल्याणच्या अलीकडे, एका रिक्षातून कोळीण उतरली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, तिचं काम सकाळीच संपलेलं. किटलीत मीठ घातलेली तांदळाची पेज होती.

"हल्लू पी," ती म्हणाली. "आनि मग थांबाचं नाय. मी वर ये बोलली नाय अजून."

मी प्यायले आणि निघाले. शेवटचा पट्टा नवरा माझ्या बाजूनं पळाला, पायात चपला, खांद्याला ऑफिसची बॅग. उन्हं कलली तेव्हा आम्ही इमारतीच्या फाटकात शिरलो. सेक्रेटरी खाली उभे होते. काय शर्यत होती का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं. कितवा नंबर आला?

"पहिला," मी म्हटलं.

किती जणी होत्या, हे विचारायला ते तोंड उघडेपर्यंत मी जिन्यावर होते. एक एक पायरी कठडा धरून, पण हाफ पँटीत.

सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही, मीही सांगायला गेले नाही. उन्हाळ्यात पुण्याचे नातेवाईक आले आणि त्यांनी तिथला एक नवा डॉक्टर सुचवला. सगळे चहा घेत बसलेले. मी म्हटलं, मी कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही. नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आमचं ठरलंय. खरं तर आम्ही तसं बोललो नव्हतो, पण त्यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं.

पाहुणे गेल्यावर सासूबाई माझ्याकडे आल्या.

"कायमचं?"

"हो आई. कायमचं."

त्या खिडकीपाशी गेल्या. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी भांडायला तयार होते.

"मग मला सोमवार सोडता येईल," त्या म्हणाल्या.

त्या सोमवारचा उपास करायच्या. मला वाटायचं, कायमच करत असतील. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो माझ्यासाठी चाललेला, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. म्हणाल्या, पित्त फार व्हायचं त्यानं. एवढं बोलून त्या पोळ्या करायला गेल्या.

पुढच्या सोमवारी सकाळी मी पळून आले, तर त्या टेबलाशी बसून पोहे खात होत्या, वर भरपूर खोबरं घालून. मला बघून त्यांनी ताटली थोडी पुढे सरकवली. "घामानं भिजलेली आहेस," त्या म्हणाल्या, "खुर्चीवर टॉवेल घाल आधी."